वायर नेहमी मानेत तुटते

२ डिसेंबर, मंगळवार

आज सूनबाई घरी आली ती पांढरीफटक. पिशवी खाली टाकली आणि खुर्चीत बसून राहिली, बूटसुद्धा काढले नाहीत. माझ्या पुसलेल्या लादीवर बर्फाचं पाणी सगळीकडे. एरवी मी दोन शब्द ऐकवले असते. आज ऐकवले नाहीत, यावरून तिचा चेहरा कसा होता ते समजावं.

झालं ते असं. पहाटे हॉस्पिटलला जाताना टेकडीच्या उतारावर तिने पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायला गाडी बाहेर काढली, तर बाजूला ट्रक येऊन ठेपलेला. तिच्या बाजूच्या आरशावर बर्फाचा पापुद्रा. त्यात ट्रक काय, आभाळही दिसत नव्हतं. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला म्हणून निभावलं. गाडीच्या कुशीला लांब ओरखडा आहे आणि तिच्या हाताचं कापणं दुपारपर्यंत थांबलं नव्हतं. रक्त काढणारीचे हात ते, कापून कसं चालेल? लॅबमध्ये आज तिला नुसत्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं म्हणे.

खरं तर या गाडीचे आरसे तापणारे आहेत. बटण दाबलं की काच आतून कोमट होते आणि बर्फ वितळतो. पोराने गाडी घेतली तेव्हा मला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं होतं. मी म्हटलं होतं, एवढी चैन आरशाला, आणि आईच्या खोलीत हीटर नाही. दुसऱ्या दिवशी हीटर आणला होता त्याने.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून या घरात आम्ही दोघीच.

४ डिसेंबर, गुरुवार

मंगळवारच्या प्रकरणाची बातमी हॉस्पिटलभर झाली. आज लॅबच्या मोठ्या बाईंनी हिला बोलावून सांगितलं की कर्मचाऱ्यांच्या इमारतीत एक खोली रिकामी आहे, हवी तर घे, वीस तारखेपर्यंत कळव. खोलीपासून लॅब म्हणजे नुसतं अंगण ओलांडायचं. टेकडी नाही, उतार नाही, पहाटे उठून अंधारात गाडी काढणं नाही.

संध्याकाळी चहा घेताना तिने हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "आई, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तुझं तू बघ. मी काय तुला बांधून ठेवलंय?"

बरोबरच बोलले मी. तिचं वय आहे का म्हातारीच्या गुडघ्यांना तेल चोळत बसायचं? नवरा असता तर गोष्ट वेगळी. आता ती माझी कोण आणि मी तिची कोण, असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायला कागद नाही. तिच्या मनात जायचं असेल तर माझ्या तोंडाकडे बघून अडू नये, म्हणून मोकळं करून टाकलं. तिने चहा संपवला. उठून कप धुतले. धुतलेलेच कप पुन्हा धुतले, एवढं लक्ष उडालंय बिचारीचं. खोलीचेच विचार चालले असणार.

मला मात्र घास गेला नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

पडल्या पडल्या विचार केला. ती जाणार कशामुळे? रस्त्यामुळे. रस्त्याची भीती कशामुळे? आरशामुळे. आरसा तापला की जायला कारण उरत नाही. एवढा सरळ हिशोब आहे, आणि तापणाऱ्या वस्तूंचं मला कोणी शिकवायला नको. तीस वर्षं काय केलं मी? इस्त्र्या, हीटर, केस वाळवायचे ड्रायर. हे पुढे बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे आणि मी मागे बसून कॉइल भरायचे. हे गेल्यावर पुढेही मीच आणि मागेही मीच. गुडघे बोलायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, पण हत्यारांची पेटी पलंगाखाली आहे.

दुपारी ती झोपली तशी मी पेटी घेऊन शेडमध्ये उतरले. मला गाडी चालवता येत नाही, पण चावी फिरवता येते. चावी फिरवली, स्टिअरिंगसमोरचे दिवे लागले, बटण दाबलं. या गाडीत मागच्या काचेला आणि दोन्ही आरशांना मिळून एकच बटण आहे. मग आधी एका आरशावर तळवा ठेवला, मग दुसऱ्यावर, मग मागच्या काचेवर. तिन्ही थंडगार. बटणावरचा बारीक दिवाही लागला नाही.

इंजिन अर्थात चालू केलं नाही. शेड स्वयंपाकघराला लागून आहे आणि यांचा नियम होता की बंद शेडमध्ये इंजिन नाही म्हणजे नाही. धुराने माणूस झोपतो तो उठत नाही. हे गेले तरी यांचे नियम मी मोडत नाही, आणि उभ्या गाडीत पेट्रोल जाळायला आमच्याकडे विहीर नाही.

तिन्ही एकदम गार म्हणजे दोष मुळातच आहे. फ्यूज किंवा रिले, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी डबी. बरं वाटलं, सोपं काम आहे.

७ डिसेंबर, रविवार

फ्यूज काढून पाहिला, ठणठणीत. तरी नवा घातला. रिले भोंग्याच्या रिलेशी बदलून पाहिला. भोंगा वाजला, आरसे गारच. सोपं काम आहे असं परवा लिहिलं ते कोणी लिहायला सांगितलं होतं देव जाणे.

धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू तिला राहा म्हणालीस का?"

त्यात म्हणायचं काय? उद्या तिचं कुठे दुसरं जमलं तर? मी कोण अडवणारी? असं म्हटल्यावर बहीण म्हणाली, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत, बोलणाऱ्याचा कोंडा खपतो. लहानपणापासून हिची जीभ अशीच, उचलली की टाळ्याला लावली. तिला फोन ठेवायला लावला.

आज सूनबाईने बर्फ वितळायला पायवाटेवर टाकायच्या मिठाची मोठी गोणी आणली, हिवाळाभर पुरेल एवढी. शिवाय स्वयंपाकघरातला गळका नळ बदलून घेतला, वर्षभर ठिबकत होता तो. जायच्या आधी माझी सगळी सोय लावून देते आहे. गुणाची पोर. नळ गळायचा थांबला, तर आता रात्री कसलाच आवाज येत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आज आरशाचीच काच काढली. आधी तिच्या बाजूची, कारण तक्रार त्या बाजूची. म्हणते, पलीकडचा बरा असतो. त्या बाजूला वारा कमी लागत असेल, दुसरं काय.

काच काढायचीही एक रीत असते. थंडीत प्लास्टिकच्या खुंट्या बिस्किटासारख्या तुटतात. म्हणून ड्रायरने कडा चांगल्या गरम केल्या, काचेची एक बाजू आत दाबली, दुसऱ्या बाजूला जी फट पडली तिच्यात लाकडी उलथनं सरकवलं आणि हळूच उचललं. टक् टक् करत सुटली. पाठीमागे पाहिलं तर काय, आपली इस्त्रीच! कागदासारखी पातळ कॉइल पाठीला चिकटवलेली आणि तिला दोन वायरी. मला एकदम दुकानात बसल्यासारखं वाटलं. उगाच हसू आलं.

वायरी काढून कॉइलला बॅटरी आणि बल्ब लावून पाहिला. बल्ब लागला, म्हणजे कॉइल जिवंत आहे. मग चावी फिरवली, बटण दाबलं आणि आलेल्या दोन वायरींना बल्ब लावला. अंधार. म्हणजे कॉइल ठीक आहे, वीजच पोचत नाही. आता उद्या पलीकडची काढून तिथेही तेच आहे का बघायचं.

काच परत बसवली. ती उठून खाली आली तेव्हा मी हत्यारं आवरत होते. विचारलं काय करता, तर म्हटलं, झाडते आहे. हातात पक्कड होती.

१० डिसेंबर, बुधवार

हात दाखवून अवलक्षण.

पलीकडची काच फोडली. ड्रायर वर राहिला होता, जिना चढायचा कंटाळा केला. म्हटलं कालची एवढी अलगद निघाली, ही काय वेगळी असणार. उलथनं घातलं, जोर दिला, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. तुकडे पडले नाहीत, पाठीच्या कॉइलला चिकटून राहिले तेवढंच. तिथेही बल्ब लागला नाही. पण ते बघायला आता काय अर्थ?

तीस वर्षांत गिऱ्हाइकाची एक वस्तू मोडली नव्हती मी. आणि मोडली ती कोणाची, तर घरच्या पोरीची.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी ती निघायच्या आत उठून सांगून टाकलं. म्हटलं, आरसे दुरुस्त करायला गेले आणि चांगली काच फोडली. वाटलं, चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही या थंडीत शेडमध्ये बसत होता? गुडघे घेऊन?" मग चिकटपट्टी आणली आणि दोघींनी मिळून तड्यावर लावली.

मी तिला समजावून सांगितलं की दोन्ही आरसे आणि मागची काच, तिन्हींना वीज पोचत नाही. ती म्हणाली, मागची काच तर माझी रोज साफ होते की. मी म्हटलं, ती आतल्या गरम वाऱ्याने होत असेल, तुला कळत नाही त्यातलं. रक्तातलं तिला कळतं, विजेतलं मला कळतं, ज्याचं त्याला.

संध्याकाळी म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुमची वेळ घेतली आहे, फेब्रुवारीतली, मी रजा टाकते. मी म्हटलं, फेब्रुवारीत तू कुठे आणि मी कुठे, रिक्षा करून जाईन माझी मी. तिने ताटात फारच थोडं वाढून घेतलं. थंडीत पोट बिघडतं कोणाकोणाचं.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

नवी काच मागवायला गॅरेजवाल्याकडे जायचं होतं. ती म्हणाली, तुम्हीच चला, काय हवं ते तुम्हालाच सांगता येईल. किती महिन्यांनी त्या गाडीत बसले असेन. तिने गाडी शेडबाहेर काढली, मी आत बसले, आणि खिडकीतून माझ्या नाकासमोर तो फुटका आरसा. रात्रभर शेडचं दार उघडं राहिल्यामुळे त्याच्यावर बर्फ साचला होता. तडाही दिसत नव्हता.

कोपऱ्यावरचा सिग्नल येईपर्यंत तडा दिसायला लागला. आधी तड्याच्या कडेने एक ओली रेघ, मग चिकटपट्टीखाली पाणी, मग सगळा पापुद्रा घसरून खाली. मी खिडकीची काच खाली केली, हात बाहेर काढून आरशावर ठेवला. कोमट! मान वळवून मागे पाहिलं, तर मागच्या काचेवर आडव्या रेघा रेघांनी बर्फ वितळत होता. समोरच्या बटणावर बारीक दिवा लागलेला, तिने रोजच्या सवयीने निघतानाच दाबलं होतं.

मी म्हटलं, थांब, गाडी बंद कर. ती घाबरून कडेला थांबली. किल्ली फिरवून नुसते दिवे ठेवले, बटणावरचा दिवा गेला. पुन्हा इंजिन चालू केलं, बटण दाबलं, दिवा आला. म्हणजे गाडीचं इंजिन चालू असल्याशिवाय हे बटण कामच करत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून बनवणाऱ्याने तशीच व्यवस्था केलेली. आणि मी इतके दिवस यांचा नियम पाळत, पेट्रोल वाचवत, बंद गाडीला तपासत बसले होते. प्लग न लावता इस्त्री तपासावी तशी! मागची काच चांगली, पलीकडचा आरसा चांगला, फ्यूज चांगला, रिले चांगला. सगळं चांगलं होतं, त्यातलं एक मी फोडलं.

तिला हे सांगितलं तेव्हा तिला आधी हसू दाबता येईना, मग मलाच आवरेना. दोघी रस्त्याच्या कडेला हसत बसलो. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला तरी हसतोय. ती डोळे पुसत म्हणाली, मागची काच साफ होते म्हटलं होतं मी. मी म्हटलं, हो गं बाई, म्हटलं होतंस.

पोरगा गेल्यापासून या गाडीत कोणी हसलं नसेल.

तिच्या बाजूचा आरसा मात्र सगळ्या वाटेत पांढराच राहिला. म्हणजे दुखणं आहे, पण एकट्या त्याचंच आहे. गॅरेजवाल्याने पलीकडची काच मागवली. तिच्या बाजूबद्दल म्हणाला, अख्खा आरसा बदलू, पण तो भाग नव्या वर्षातच येईल. नव्या वर्षात येऊन काय उपयोग? वीस तारीख शनिवारी आहे. म्हटलं, तो राहू द्या, मी बघते.

१४ डिसेंबर, रविवार

तिने गाडी अंगणात काढून दिली, इंजिन चालू. तिच्या बाजूची काच काढली, या वेळी ड्रायर लावून, शहाण्यासारखी. वायरींना बल्ब लावला. अंधार. पलीकडे लावला, लख्ख. म्हणजे मधल्या वायरीतच कुठेतरी घोळ. पण कुठे? दाराच्या आतून, पत्र्याच्या पोटातून जाते ती. बोटं बधिर झाली तसं ती मला हाताला धरून आत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं.

म्हणाली, "आई, राहू द्या ना आता. एवढं कशासाठी करताय?"

मी म्हटलं, "गाडी पोराची आहे. नीट राहायला नको?"

ती हो म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. आज लवकर झोपली.

१५ डिसेंबर, सोमवार

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं चाललं होतं माझं.

सकाळी कपड्यांना इस्त्री करत होते. इस्त्री पुढे-मागे, पुढे-मागे, आणि प्रत्येक वेळी वायर मुठीजवळ वाकते. हातातली इस्त्री तशीच उभी केली. दुकानात येणाऱ्या शंभरातल्या किती इस्त्र्यांची कॉइल गेलेली असायची? फार थोड्यांची. बाकी सगळ्यांची वायर गेलेली, आणि तीही नेहमी मानेत, जिथे ती वाकते तिथे. वरून दिसत नाही. वरचं प्लास्टिक धडधाकट, आत तांबं तुटलेलं. हे तर गिऱ्हाईक दारात असतानाच ओळखायचे, मानेत गेली म्हणून.

मग गाडीच्या आरशाची वायर वाकते कुठे? दारात! दार उघडलं की वाकली, लावलं की वाकली. दाराच्या बिजागरीजवळ घड्या घड्यांची रबरी नळी असते, त्यातून वायरी दारात शिरतात. आणि चालवणाऱ्याचं दार सगळ्यात जास्त उघडतं.

ती घरी आल्या आल्या म्हटलं, गाडी अंगणातच ठेव. गरम पाण्याची पिशवी रबराला लावून मऊ केलं, नळी दाराकडून सोडवली, मागे सरकवली. सात-आठ वायरी होत्या. एकेक धरून हलकेच ओढून पाहिली. चांगली वायर ओढली तर ताठ राहते. एक काळी वायर रबरासारखी लांबली. तीच ती! वरून काही नाही, आतून दोन तुकडे.

तिथे गुडघ्यावर बसल्या बसल्या मनात आलं, हे दार पोराने किती वेळा उघडलं असेल. आपटायचा मेला, कितीदा सांगितलं. त्याच्यानंतर हिने उघडलं, रोज अंधारात, रोज एकटीने. दोघांचं मिळून झिजलं ते. मला रडू आलं आणि मी रडले. कोणी बघत नव्हतं. मग पाहिलं तर ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती, पण काच धुरकट होती, दिसलं नसेल.

तुटका भाग कापला, नवा तुकडा थोडा सैल जोडला, म्हणजे वाकायला जागा राहील. दोन्ही टोकांना सोल्डर मारलं, वरून प्लास्टिकची आकसणारी बारीक नळी चढवून गरम करून घट्ट केली. हात अजून थरथरत नाही माझा, बघून बरं वाटलं. इंजिन चालू करायला ती आली. बल्ब लावला.

लागला.

१६ डिसेंबर, मंगळवार

गुडघे सुजलेत. तिने शेक दिला, तेल लावलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

गॅरेजवाला स्वतः काच घेऊन आला. तो लावून देतो म्हणत होता, मी म्हटलं तुम्ही चहा घ्या. मी लावली. त्याने ती काळी वायर पाहिली, मान डोलावली, म्हणाला आमच्याकडे एवढा वेळ कोणाला असतो, आजी. चांगला माणूस आहे, साखर फार घेतो.

आता काम संपलं. दोन्ही आरसे तापतात. जायला कारण उरलेलं नाही, असा माझा हिशोब होता. पण आज दुपारी ती फोनवर कोणाशी तरी बोलत होती आणि मी तिथे गेले तसा आवाज हळू केला. "अजून नाही कळवलं," एवढं ऐकू आलं. मग माझ्या लक्षात आलं की आरसा हे तिच्या जाण्याचं कारण आहे असं तिने कधी म्हटलंच नव्हतं. ते मीच ठरवलं होतं. बंद गाडी तपासून ठरवावं तसं.

तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. विचारलं नाही मी. आणि माझ्या मनात काय आहे ते तिला कुठून माहीत असणार?

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज तिची दुपारची पाळी. चांगलं उजाडलं होतं आणि कडाक्याची थंडी, रात्रभर अंगणात ठेवलेल्या गाडीवर दोन्ही बाजूंना जाड बर्फ. मला हवा होता तसाच.

आमच्या दुकानाचा एक रिवाज होता. दुरुस्त केलेली वस्तू नुसती हातात ठेवायची नाही. गिऱ्हाइकासमोर चालवायची, त्याला हात लावायला लावायचा, आणि त्याने स्वतःच्या तोंडाने "ठीक आहे" म्हटल्यावरच द्यायची. मान हलवली तर हे सोडायचे नाहीत. म्हणायचे, मान हलवून उद्या परत येतात, तोंडाने बोला.

म्हणून तिला बोलावलं. इंजिन चालू केलं, बटण दाबलं. दोघी हातमोजे घालून तिच्या बाजूच्या आरशासमोर उभ्या राहिलो. बराच वेळ काही होईना. मी बटणावरचा दिवा पुन्हा पाहून आले. मग कडेला पाणी सुटलं, बर्फाचा एक पोपडा सरकला, आणि आरशात आम्ही दोघी दिसलो. ती टोपीत, मी यांच्या जुन्या कोटात.

"मोजा काढ," मी म्हटलं. "हात लावून सांग."

तिने मोजा काढून तळवा ठेवला. काढेना. मी म्हटलं, तोंडाने बोल, रिवाज आहे.

"गरम आहे, आई," ती म्हणाली.

तिने तोंडाने म्हटलं. आणि माझं काय? पंधरा दिवस मी वायरीला बल्ब लावत फिरले, फ्यूज बदलले, काच फोडली, गुडघे सुजवले. दोन शब्द तेवढे तोंडातून काढले नव्हते. गिऱ्हाइकांना बजावायला पुढे, आणि स्वतः नुसती मान हलवत होते.

म्हटलं, "राहा. तुला जायचं असेल तर जा, मी रागावणार नाही. पण मला विचारशील तर राहा. तुझ्याशिवाय मला करमणार नाही."

ती आरशाकडेच बघत होती. तिचे डोळे भरले ते मला आरशातच दिसलं. म्हणाली, "मला वाटत होतं तुम्हाला माझी अडचण होते. विचारलं की तुझं तू बघ म्हणायचात. म्हटलं, हे घर त्यांचं, त्यांनी राहा म्हटल्याशिवाय मी कशी राहू?" मग नाक पुसलं आणि म्हणाली, "हे आधी म्हणाला असतात, तर काच तरी वाचली असती."

मी म्हटलं, काच दुसरी आणता येते.

तिने तिथेच अंगणात उभं राहून मोठ्या बाईंना फोन लावला आणि खोली नको म्हणून सांगितलं. ते मिठाचं पोतं, तो नळ, फेब्रुवारीतली रजा, सगळं आता मला कळलं. बहिणीला फोन करून सांगायला हवं, पण तिला एवढ्यात जिंकू द्यायची इच्छा नाही. रविवारी करेन.

दुपारी ती निघाली तेव्हा मी दारात उभी होते. वळणावर तिने हात बाहेर काढला. मागे वळून बघितलं नाही, आरशात दिसत असणार मी. रात्री सूप ती करणार आहे, म्हणजे मिठाकडे मलाच लक्ष ठेवावं लागेल.